बाई जेवल्या का?

“बाईंना परवापासून शिंका येतायत,” सलिल म्हणाला. “डोळे चिकटलेत, नाक वाहतंय, अंग कढत लागतंय. आणि जेवत नाहीत हो. ताटलीकडे बघतात नि तोंड फिरवतात.”

बोर्ली पंचतनच्या नाक्यावर रामचंद्र गेली कित्येक वर्षं औषधांचं दुकान चालवत होता. गिऱ्हाइकाच्या घरात कोण कुणाची कोण लागते हे विचारायचं नाही, हे त्याचं धंद्याचं तत्त्व. त्याने मान वर न करता पॅरासिटामॉलची पट्टी काउंटरवर ठेवली.

“गोळी घेतील ना?”

“अख्खी नाही घेणार. अर्धी कुटून दुधातून देतो.”

“छातीला चोळायला बाम देऊ?”

“द्या. रात्री माझ्या पोटावर झोपतात ना, सारखी घरघर ऐकू येते. माझाच जीव घाबरा होतो.”

रामचंद्रने तत्त्वाला धरून फक्त भुवया उचलल्या आणि बाम काढला. सलिलने पट्टीकडे हात नेला... तेवढ्यात त्याच्या खांद्यामागून दुसराच एक हात आला आणि पट्टीवर पडला. सावळा हात, नखं अगदी बारीक कापलेली, मनगटावर आयोडीनचा डाग, आणि त्या डागाला अजिबात न शोभणारी एक हिरवी बांगडी.

“एक मिनिट,” हातामागचा आवाज म्हणाला. “या बाई किती पायांच्या?”

“चार,” सलिल म्हणाला, आणि स्वतःचं उत्तर ऐकून त्याचे कान तापले.

“वाटलंच. शर्टभर केस, हातभर ओरखडे. शिवाय बायको असती, तर ती पोटावर झोपते हे तुम्ही रामचंद्रभाऊंना सांगितलं नसतं.”

“बायको नाहीये मला,” सलिल घाईघाईने म्हणाला. जरा नको तितक्या घाईने.

“ते मी विचारलं नव्हतं.” तिने पट्टी उचलून रामचंद्रकडे परत सरकवली. “ही अर्धी गोळी पोटात गेली असती, तर पुढे औषधाची गरजच उरली नसती. मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विष. आणि बाम त्या चाटून काढणार, तोही नको. मी मृणाल शिगवण. गुरांचा सरकारी दवाखाना.”

“गुरांचा...?”

“चार पायांवर कुणीही आलं तरी बघते. दुपारी दिवेआगरला एका वासरासाठी जायचंच आहे. पत्ता सांगा.”

“दिवेआगरातच. फाटकावर पाटी आहे. ‘शुद्ध शाकाहारी घरगुती निवास. पाळीव प्राण्यांचे स्वागत.’”

“असं होय,” मृणाल म्हणाली. “म्हणजे रोग स्वागतातूनच आत आला.”

आणि ते खरंच होतं. गेल्या शनिवारी पुण्याहून एक कुटुंब आपलं झुबकेदार इराणी मांजर काचेच्या खिडकीच्या पिशवीतून घेऊन आलं होतं. ते मांजर दोन दिवस शिंकलं, समुद्र न बघता परत गेलं, आणि मागे ही भेट ठेवून गेलं.

बाईंचं ‘बाई’ हे नाव कुणी ठेवलं नव्हतं, ते पडलं होतं. मूळ मांजर प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेचं. शिक्षिकेची बदली झाली, पण मांजर काही वर्गातल्या खुर्चीवरून उठेना, म्हणून ते गावातच राहिलं. मुलं आधी ‘बाईंचं मांजर’ म्हणायची, मग नुसतंच ‘बाई’. सलिलच्या वाडीत ते नाव घेऊनच आलं. सलिलची आई प्रमोदिनी हिने आयुष्यात कुठल्याही शिक्षिकेला एकेरीत हाक मारली नव्हती. ते आता या वयात जमण्यासारखं नव्हतं. त्यामुळे घरात ‘बाई आल्या’, ‘बाईंनी उंदीर आणून ठेवलाय’, ‘बाई, जरा सरकता का, केर काढायचाय’ अशीच भाषा चाले.

सलिल स्वतः आधी न्हावा शेव्याच्या बंदरावर नोकरीला होता, कंटेनरच्या कागदपत्रांवर शिक्के मारायला. वादळाने वाडी आडवी केली तेव्हा तो रजा काढून आला आणि परत गेलाच नाही. सुपारीची नवी रोपं लावली, चार खोल्या काढल्या, पर्यटकांना उकडीचे मोदक घालू लागला. सुपारीचं झाड धरायला वेळ घेतं. तेवढ्या वेळात लग्न उरकून टाकू असं प्रमोदिनीचं मत होतं. पण सुपारीच आधी होईल असं दिसत होतं.

दुपारी स्कूटर फाटकातून आत आली तेव्हा बाई कपाटावर बसल्या होत्या. सलिल शिडी आणायला धावला.

“नको,” मृणाल म्हणाली, आणि बॅग बाजूला ठेवून सरळ जमिनीवर बसली. बाईंकडे बघितलं, डोळे सावकाश मिटले, सावकाश उघडले. पुन्हा मिटले.

“हे काय करताय?”

“ओळख.”

एवढंच बोलून ती बसून राहिली. सलिलने आजवर घाईतली माणसं पाहिली होती. बंदरावर तर दुसरी जातच नव्हती. समोरच्याला हवा तेवढा वेळ देऊन, हात मांडीवर ठेवून, निवांत बसलेलं माणूस तो पहिल्यांदाच बघत होता. वासराकडून आली होती ती, केसात गवताची काडी होती, चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळलेला होता... आणि त्याला वाटलं, ही अशी जन्मभर बसली तरी आपली हरकत नाही.

बाई शेवटी खाली उतरल्या. शिंकल्या. मृणालने त्यांना अलगद मांडीत घेतलं, एका हाताने जबडा धरला आणि तिचा दवाखान्यातला आवाज कुठल्या कुठे गेला.

“गप र्‍हा गो बाय... आ कर. आशी! शाणी हाय गो माजी.”

प्रमोदिनीच्या हातातलं भांडं हललं. या घरात बाईंना आजवर कुणी एकेरीत बोललं नव्हतं. पण बाईंनी मात्र, जणू इतकी वर्षं याचीच वाट बघत असल्यासारखं, तोंड मोठं उघडलं.

“जिभेवर फोड आहे,” मृणाल पुन्हा शुद्ध होत म्हणाली. “व्हायरस आहे. त्यावर जंतूंनी घर केलंय, त्यासाठी हे औषध. डोळ्यांत हे थेंब, आधी कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसून. माणसांना हे लागत नाही. पण वाडीत दुसरी मांजरं असतील तर त्यांना लागेल. ताटली वेगळी, खोली वेगळी, हात लावला की साबण.”

“म्हणजे क्वारंटाइन,” प्रमोदिनी म्हणाली. तो शब्द ती कोरोनात शिकली होती आणि तेव्हापासून वापरायची संधी शोधत होती. “सलिल, तूही बस आत त्यांच्याबरोबर. तसाही तुला बाहेर काय उद्योग आहे?”

“आणि वाफ द्यायची. न्हाणीत बंब पेटवा, दार लावा, बाईंना घेऊन जरा वेळ बसा. पाण्यात काही म्हणजे काही घालायचं नाही. ओवा, कापूर, निलगिरी, काही नाही. मांजराला ते झेपत नाही.”

प्रमोदिनीने ओव्याची पुरचुंडी हळूच पदराआड केली.

“पहिल्यांदा मी दाखवते,” मृणाल म्हणाली.

तर असं झालं, की पहिल्या भेटीच्या दिवशीच सलिल आणि मृणाल एका बंद न्हाणीत समोरासमोर पाटांवर बसले होते. बंबात नारळाच्या सोडणांचा जाळ, बादलीतून वाफेचे लोट, मधोमध मांडीवर बाई, आणि दाराबाहेर प्रमोदिनी, जी दर दोन मिनिटांनी “झालं का हो?” असं विचारत होती.

मृणालचा चष्मा पांढराफटक झाला होता. त्या पांढरेपणाच्या भरवशावर सलिल तिच्याकडे मनसोक्त बघत होता. कपाळावर जमलेले थेंब, गालाला चिकटलेली बट, बाईंच्या पाठीवरून संथ फिरणारा हात...

“तुम्ही बाईंना एकेरीत बोललात,” तो म्हणाला.

“तपासताना मी सगळ्यांना एकेरीत बोलते. बैलालाही.”

“मालकालाही?”

“मालक आजारी असेल तर.”

“मला...” सलिल म्हणाला, “मलाही जरा कसंतरीच होतंय.”

“कुठे?”

“ते अजून नक्की नाही.”

ती हसली नाही. पण बाईंच्या पाठीवरचा हात क्षणभर थांबला. “आणि चष्म्यावर वाफ आली म्हणून मला दिसत नाही, असं समजू नका. घरघर बाईंना आहे, तुम्ही का श्वास धरून बसलाय?”

सलिलने श्वास सोडला. बराच होता.

“मोकळं बोलायचं तर,” ती बाईंकडे बघत म्हणाली, “घरचे माझ्याही तपासणीच्या मागे आहेत. रविवारी पनवेलहून पाहुणे येतायत. म्हसळ्याच्या पुढे आमचं गाव, भातशेतीचं घर. मुलगी सारखी गोठ्यात असते, तर निदान रविवारी तरी साडी नेसून दिसावी, अशी आईची इच्छा आहे.”

“झालं का हो?” बाहेरून प्रमोदिनी.

“झालं,” सलिल म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

खरी अडचण वाफेची नव्हती, ताटाची होती.

“मांजर आधी वास घेतं, मग जेवतं,” मृणालने निघता निघता सांगितलं. “नाक बंद म्हणून भूक बंद. मांजर जास्त दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरवर येतं, मग ताप परवडला म्हणायची पाळी. काहीतरी उग्र वासाचं हवं. गरम.”

“हिंग?” प्रमोदिनीने विचारलं.

“नको काकू. कांदा-लसूण-हिंग काही नको. मांजराला कांदा-लसूण वर्ज्य.”

प्रमोदिनीचा चेहरा उजळला. “बघ सलिल! मी म्हणत नव्हते? पहिल्यापासून सात्त्विकच आहेत.”

“सात्त्विक आहेत, काकू,” मृणाल अदबीने म्हणाली. “पण बोंबील खातात.”

बाई उंदीर नुसते आणून ठेवतात, खात नाहीत, त्या शाकाहारी आहेत, ही या घराची श्रद्धा होती. दूधभातावर त्यांची ही तुकतुकी कशी, हे कुणी विचारत नसे. रोज सकाळी त्या किनाऱ्याच्या बाजूला ‘फिरायला’ जात, आणि मिशा पुसत परत येत.

“सुका बोंबील भाजायचा, गरम पाण्यात कुस्करायचा आणि वाफाळता नाकासमोर धरायचा. तेवढ्यानं खातील.”

“या घरात?” प्रमोदिनीने विचारलं. रागाने नाही. एखाद्याने समुद्राला परसात यायला सांगितलं तर विचारावं, तसं.

सलिलने मधला मार्ग काढला, आणि तो इतर मधल्या मार्गांसारखाच निघाला. वाडीच्या टोकाला विहिरीपलीकडे त्याने तीन विटांची चूल मांडली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने बोंबील विकत घेतले, तेही विकणारीला “ताजे आहेत ना सुके?” असं विचारून. भाजता भाजता जाळले. अख्खी वाडी ओलांडून ताटली खोलीत पोचेपर्यंत ते गार झाले, वास वाऱ्यावर गेला. बाईंनी ताटलीकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

मृणाल रोज ड्यूटी संपली की यायची. सिरिंजने पाणी पाजायची, डोळे पुसायची. फाटकातूनच विचारायची, “बाई जेवल्या का?” आणि सलिल नुसती मान हलवायचा. बाई आता कपाटावर चढत नव्हत्या. कोपऱ्यात पोत्यावर पाय पोटाशी घेऊन बसायच्या. शनिवारी तर त्यांनी औषधाला विरोधसुद्धा केला नाही. तेव्हा सलिलला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आणि त्या भीतीच्या मागे दुसरी एक लपलेली होती, तिची त्याला लाज वाटत होती... उद्या रविवार होता.

रविवारी सकाळी स्कूटरचा आवाज आला.

मृणाल खरोखर साडी नेसून आली होती. मोरपंखी, जरीच्या काठाची. पदर खोचलेला, पायात गोठ्यातले रबरी बूट.

“पाहुणे...?” सलिल म्हणाला.

“येत असतील. आईला सांगितलं, सिरीयस केस आहे. तिने विचारलं, गाय की म्हैस? मी म्हटलं, बाई.”

“मग?”

“म्हणाली, बाळंतपण आहे का? तर लवकर जा.”

तिने बाईंची कातडी चिमटीत धरून बघितली, हिरड्या बघितल्या. उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर नेहमीची थट्टा नव्हती.

“आज खाल्लं नाही तर मी म्हसळ्याच्या दवाखान्यात घेऊन जाणार. सलाइन, नळी, सगळं करीन. पण त्यांनी आपणहून खाल्लं तर बरं. काकू, चूल लांब आहे. वास तिथेच संपतो. इथेच भाजायला हवं.”

प्रमोदिनी दारात उभी होती. तिने बाईंकडे बघितलं. मग देवघराकडे गेली, देवांवरून एक धुतलेला पंचा पांघरला, देवघराचं दार ओढून घेतलं. कोरोनातला मास्क शोधला, तो लावला, त्यावरून पदर बांधला. आणि गॅस पेटवून तवा चढवला.

“आई, मी करतो,” सलिल म्हणाला.

“तू जाळतोस,” मास्कमधून आवाज आला. “डॉक्टर, किती भाजायचे?”

“तांबूस होईतो. उलटा आता... हां. बस.”

त्या स्वयंपाकघराच्या भिंतींनी आजवर हळदीच्या पानांचा आणि तुपाचाच वास घेतला होता. बोंबलाने एका मिनिटात सगळं घर ताब्यात घेतलं. वास ओटीवर गेला, माडांवर गेला, खोल्यांतून शिरला. दोन नंबरच्या खोलीतले ठाण्याचे पाहुणे टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, “काकू, हे मेनूत आधी का नाही सांगितलंत?”

प्रमोदिनीने वाफाळती वाटी उचलली, खोलीत गेली आणि त्या पोत्यापाशी मांडी घालून बसली. वाटी बाईंच्या नाकाखाली धरली.

काही झालं नाही. मग बाईंचं नाक हललं. पुन्हा हललं. डोकं वर आलं, एक शिंक आली, सगळी वाटीत... आणि मग बाईंनी जीभ बाहेर काढली. एकदा. दोनदा. मग वाटीत तोंडच घातलं.

सलिलने मृणालचा हात कधी धरला, ते दोघांनाही कळलं नाही. कळल्यावरही कुणी सोडला नाही.

प्रमोदिनीने मास्क खाली ओढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“धूर गेला,” ती म्हणाली. मग वाटीतला शेवटचा तुकडा बोटाने बाईंच्या पुढे सरकवला, आणि मान वर न करता विचारलं, “तुझ्या घरी कसे करतात गं हे? तुझी आई काय घालते?”

सलिल जागच्या जागी थिजला. या घरात अहो-जाहो पाहुण्यांसाठी होतं, शिक्षकांसाठी होतं, डॉक्टरांसाठी होतं, मांजरासाठीसुद्धा होतं. ‘तू’ फक्त घरातल्या माणसाला मिळायचं.

मृणाललाही ते ऐकू गेलं असावं. कारण ती उत्तर देताना अडखळली, आणि वासरं-बैल यांच्यापुढे न अडखळणारी ही मुलगी अडखळताना इतकी सुंदर दिसते, हे सलिलला नव्याने कळलं.

पुढच्या आठवड्यात बाई कपाटावर परतल्या. शिंका तुरळक झाल्या, आवाज फुटला, ठाण्याच्या पाहुण्यांना एक ओरखडाही मिळाला. मृणाल शेवटचं तपासायला आली ती सकाळी, उन्हं सुपारीच्या कोवळ्या रोपांवर तिरपी पडली असताना. वाडीतल्या बाकीच्या मांजरांना लसही दिली. मग ओटीवर बसली, चहा घेतला.

“पनवेलचं काय झालं?” शेवटी सलिलनेच विचारलं.

“पोहे खाऊन गेले. मुलगी पसंत आहे म्हणे.”

“न बघता?”

“न बघता म्हणूनच असेल.” तिने कप खाली ठेवला. “आज संध्याकाळी उत्तर द्यायचंय.”

माडाचं एक झाप सळसळलं. सलिलने बरंच काही ठरवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आता जागेवर नव्हतं.

“बाई... पूर्ण बऱ्या झाल्या ना?” तो म्हणाला.

“पूर्ण नाही होत. हा व्हायरस जात नाही, आत दडून बसतो. मनावर ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो.”

“ताण म्हणजे?”

“जागा बदलली, आवाज झाला... घरात नवीन माणूस आलं.”

सलिल कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, “समजा... घरात नवीन माणूस यायचंच असेल. कायमचं. तर बाईंना सवय कशी लावायची?”

मृणालने त्याच्याकडे बघितलं. चष्म्यावर आज वाफ नव्हती.

“एकदम नाही आणायचं,” ती सावकाश म्हणाली. “त्या माणसाने रोज यावं. थोडा वेळ बसावं. मांजर लपलं तर लपू द्यावं. आपणहून जवळ येईतो थांबावं.”

“आणि मांजराच्या मालकाने काय करावं?”

“त्याने... निदान विचारावं तरी.”

“मृणाल,” सलिल म्हणाला, आणि डॉक्टर हा शब्द त्याने पहिल्यांदा गाळला. “मला शब्द नीट जुळवता येत नाहीत. बंदरावर नुसते शिक्के मारले आहेत. पण तू फाटकातून आत येतेस ना, तेव्हा मला वाटतं वाडी आता धरली. तू येशील इथे? रोज? मग... कायमची?”

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. प्रमोदिनी ऐकत नव्हती, फक्त भांडी घासायची थांबली होती.

आज पदर नव्हता, मृणालने ओढणीच सारखी केली. उजव्या हाताने डाव्या हातातली बांगडी फिरवली.

“व्हय,” ती म्हणाली.

दवाखान्यातल्या कागदांवर ती ‘होय’ लिहायची. वरिष्ठांशी फोनवर ‘हो सर’ म्हणायची. हे ‘व्हय’ तिने आजवर फक्त आपल्या आईला आणि भातखाचरात हाक मारणाऱ्या वडिलांना दिलं होतं. सलिलला याची काहीच कल्पना नव्हती. त्याने आपलं ते दोन्ही हातांनी घेतलं.